झावळ्यांच्या रविवारची आदली संध्याकाळ

भिवंडी रोड स्टेशनच्या फलाटावर सावली मोजकीच आहे आणि ती सगळी आधीच अडवली गेली आहे. खांबाआड तिघे, भिंतीला टेकून पाचसहा, पत्र्याच्या शेडखाली बाकीचे. मार्च संपत आला आहे. अंजूरफाट्याकडून ट्रकांचे हॉर्न थांबत नाहीत. गोदामांच्या रस्त्यावरची धूळ इथवर येते आणि घामावर बसते. वसईकडची मेमू यायला अवकाश आहे. या मार्गावर फेऱ्या मोजक्याच. एक गाडी चुकली की दुपार गेली.

बाकाच्या टोकाला एक कुटुंब बसले आहे. नवरा काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर. बायको भिवंडीतल्याच एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबारलेले. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या हातात चार पानांचे एक पत्रक आहे, घडीवर फाटत आलेले. त्यात दहा आज्ञा आहेत आणि प्रत्येक आज्ञेखाली प्रश्न. मी रोज प्रार्थना केली का? आईवडिलांना उलट बोलले का? दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली का? मुलगी पेन्सिलीने काही प्रश्नांपुढे बारीक ठिपका करते. आईने पाहिले की पान उलटते.

उद्या झावळ्यांचा रविवार. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू झालेले प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस संपत आले आहेत. पुढच्या शुक्रवारी क्रुसाची आराधना, त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. त्याआधी मन झाडून घ्यायचे, म्हणून आज संध्याकाळी वसईतल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये पापनिवेदन आहे. आजूबाजूच्या गावांतले फादर मदतीला येणार आहेत. वसईपट्ट्यात या दिवसांत हे गावोगाव असे ठरवून चालते, आज इथे, उद्या तिथे.

पापनिवेदन कोणत्याही चर्चमध्ये, कोणत्याही फादरांकडे करता येते. मग एवढ्या उन्हात वसई कशाला? नवरा उत्तर द्यायला क्षणभर थांबतो. "इथं इंग्रजीत सांगता येतं हो," तो म्हणतो. "पण पोटातलं निघत नाही."

गाडी येते. दारातच गर्दी आहे. भाजीच्या रिकाम्या टोपल्या, कापडाचे गठ्ठे, शाळेची पोरे. मुलीला खिडकी मिळते. गाडी हलली की पहिल्यांदा वारा लागतो, तोही गरम. यंत्रमागांची खटखट मागे पडते, गोदामांची निळी छपरे मात्र बराच वेळ सोबत येतात. खारबाव. मग मोकळी शेते, भाताची वाळलेली धसकटे. कामण रोड. उजवीकडे तुंगारेश्वरचा डोंगर उन्हात फिकट दिसतो.

पोटातलं आपल्याच भाषेत निघते, हे चर्चलाही फार पूर्वी कळले होते. 1606 साली गोव्यात भरलेल्या धर्मसभेने ठरवले की ज्या धर्मगुरूला लोकांची भाषा येत नाही त्याच्याकडे धर्मग्राम सोपवायचा नाही. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि ती लोकांना कळो न कळो, पार पडे. पापनिवेदनाचे तसे नव्हते. तिथे दोन माणसांना एकमेकांचे बोलणे कळावेच लागते.

डब्यातल्या गर्दीत आत्मपरीक्षण चालू आहे. मुलगी आईच्या कानाशी लागते. "खोटं किती वेळा बोलले ते आठवत नाही. चार की पाच?"

"आठवेल तेवढं सांग. मुद्दाम लपवू नकोस, म्हणजे झालं."

नवरा खिडकीबाहेर बघत असतो. मग माझ्याकडे वळून आपणहून बोलू लागतो. गोदामात माल उतरवणाऱ्यांची हजेरी तोच लिहितो. एक हमाल मुलीच्या लग्नासाठी गावी गेला. त्याचे तीन दिवसांचे जादा तास निघत होते. तो मागायला आला नाही, याने दिले नाहीत. पैसे याच्याकडेच राहिले आणि मग खर्चून गेले. "मालक बिलं लवकर काढत नाही," तो सांगतो. "खर्च आपल्याच खिशातून. आणि तो माणूस पण न सांगता गेला."

बायको डोळे मिटून बसलेली असते. तशीच म्हणते, "अहो, मालकाचं फादरना नाही सांगायचं. आपलं सांगायचं."

तो गप्प होतो. जूचंद्र येते. मिठागरांवर ऊन तिरपे पडले आहे.

वसई रोडला उतरल्यावर पुलावर रेटारेटी, खाली रिक्षांचा गलका. पश्चिमेला वाहनांची रांग हलत नाही. नव्या इमारती मागे पडल्या की मग रस्ता अरुंद होतो. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, उतारावरचे बावखल. बावखलात पाणी तळाला गेले आहे, कडेला हिरवी शेवाळ. तिठ्यावर पांढरा क्रूस, त्याला मोगऱ्याचा गजरा. वाडीवाडीला असा क्रूस आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. परदेशी धर्मगुरू गेले. इथली माणसे मात्र शेत, बोली आणि श्रद्धा धरून इथेच राहिली.

चर्चच्या आवारात सायकली, स्कूटर, दोन टेम्पो. दर्शनी भिंत चुन्याने पांढरी. आत शिरताच डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही. मग वेदी दिसू लागते. एरवी फुलांनी भरलेली असते, आज एकही फूल नाही. प्रायश्चित्तकाळात वेदी उघडीच ठेवतात. बाजूच्या मूर्ती जांभळ्या कापडांत गुंडाळल्या आहेत. एका खांबावर संत गोन्सालो गार्सिया यांचे चित्र आहे. वसईत जन्मलेला हा माणूस 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला. चित्राखाली बाकावर तीन म्हाताऱ्या बसल्या आहेत, लाल चौकड्याच्या लुगड्यांत, हातात जपमाळा. पंखे पूर्ण वेगात फिरतात. हवा नुसतीच इकडची तिकडे होते.

व्हरांड्यात मुलांचा घोळका आहे. धर्मशिक्षणाच्या टीचर त्यांना जमिनीवर बसवून एक हात वर करतात. पाच बोटे.

"पहिलं?"

"आठवायचं!"

"दुसरं?"

"वाईट वाटून घ्यायचं!"

"तिसरं?"

"पुन्हा नाही करणार असं ठरवायचं!"

चौथे सांगायचे, पाचवे भरून काढायचे. भिवंडीहून आलेली मुलगी मागच्या ओळीत जाऊन बसते. तिने मागच्या मे महिन्यात इथेच पहिला परमप्रसाद घेतला. तिलाही पाच बोटे पाठ आहेत. एवढ्या लहान मुलांना हे कशाला, असे एकेकाळी पुष्कळांना वाटे. अनेक ठिकाणी पहिल्या परमप्रसादासाठी मुलांना बारा-चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबवीत. 1910 साली रोमहून आज्ञा निघाली की बरेवाईट कळू लागले, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, मुलाला पापनिवेदन आणि परमप्रसाद हे दोन्ही संस्कार खुले असावेत.

एक मुलगा हात वर करतो. "टीचर, भावाने आधी मारलं असेल तर?"

"ते भाऊ सांगेल. तू तुझं सांग."

"आणि मी मग त्याला मारलं नसतं, पण..."

"पण नाही. मी भावाला मारलं. संपलं वाक्य."

मुलगा ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणून बघतो. ते अगदी लहान आहे. ते पूर्ण होते आणि तो पुन्हा तोंड उघडतो, पुढे काहीतरी जोडावे म्हणून. टीचर बोट ओठांवर ठेवतात.

याच व्हरांड्यासारख्या जागी, चर्चच्या दाराबाहेर, पहिल्या काही शतकांत पापी माणसे उभी राहत. खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा घोर पापांसाठी प्रायश्चित्त सगळ्यांसमोर असे. महिने, कधी वर्षे ते चाले आणि तशी संधी आयुष्यात एकदाच मिळे. पुढे आयर्लंडच्या मठवासी साधूंनी खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपभर नेले. 1215 साली लॅटरनच्या चौथ्या धर्मसभेने नियम घातला की कळत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या सुमारास परमप्रसाद घ्यावा. आठशे वर्षांहून अधिक काळ गेला. आजच्या गर्दीमागे तो नियम आहेच.

घंटा होते. मुले आत येतात. गायन सुरू होते, हार्मोनियम आणि चार आवाज. मग वाचन. लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट. वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा, डुकरांच्या शेंगांवर आलेली वेळ आणि दुरून पाहताच धावत निघालेला बाप. इथे शेतीच्या वाटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरे आहेत. सगळे खाली मान घालून ऐकतात. एक धर्मगुरू माइकवर येतात आणि प्रश्न वाचू लागतात. प्रत्येक प्रश्नानंतर थांबतात. मी शेजाऱ्याच्या बांधाचा दगड सरकवला का? सासूसासऱ्यांना, सुनेला तोडून बोललो का? हाताखालच्या माणसाची मजुरी अडवली का? फोनवर कोणाची बदनामी पुढे पाठवली का?

हे थांबणेच मोठे आहे. प्रश्न संपतो, पंखे ऐकू येतात, कोणीतरी खोकते. माणसे समोर पाहत नाहीत. नवरा दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरून उभा आहे. मजुरीच्या प्रश्नाला त्याची बोटे लाकडावर घट्ट होतात.

पाप म्हणजे नुसती चूक नाही, फादर सांगतात. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे नीट ठाऊक हवे आणि तरी आपल्या मर्जीने ती केलेली हवी. अशी पापे एकेक करून, प्रकार आणि आठवेल तशी संख्या धरून सांगायची. बाकीची लहानसहान सांगणे बंधनकारक नाही, पण सांगितलेली बरी. खरोखर विसरले तर ते विसरलेलेही क्षमेत येते. जाणूनबुजून दाबले तर सगळेच पापनिवेदन फोल.

मग रांगा लागतात. पाच फादर, पाच रांगा. दोघे दोन लाकडी पेट्यांत बसतात, दोघे मूर्तींच्या कोनाड्यांपाशी खुर्चीवर, एक बाहेर पिंपळाखाली. दोनशेच्या वर माणसे असतील. एकेकाला तीनचार मिनिटे, कोणाला पंधरा. हिशेब सोपा आहे, रात्रीचे साडेनऊ वाजणार. सर्वांत लांब रांग पाहुण्या फादरांसमोर आहे. ते उद्या आपल्या गावी जातील. त्यांना इथल्या कोणाचा आवाज ओळखीचा नाही.

पेटी जुनी सागवानी. मध्ये फादरांची बैठक, दोन्ही बाजूंना गुडघे टेकायची फळी, मध्ये जाळी. अशा पेटीची मापे आणि जाळीसकट रचना मिलानच्या आर्चबिशपनी 1577 साली लिहून काढली. बोलणाऱ्याला, विशेषतः स्त्रीला, संकोच होऊ नये आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, हा हेतू. जाळीच्या खालच्या चौकटीचे पॉलिश एका जागी पार उडाले आहे. कपाळ टेकून टेकून. त्या जागी लाकूड गुळगुळीत आणि काळसर झाले आहे, उंबऱ्यासारखे. गुडघ्यांखालच्या फळीला दोन खोलगट वळणे पडली आहेत. कुणीतरी वर रेक्झिनची गादी ठोकली आहे. एक खिळा वर आला आहे आणि प्रत्येक बाई टेकण्याआधी पदर सावरते.

खुर्चीची पद्धत नंतरची. 1973 साली संस्काराचा विधी नव्याने आखला गेला. समोरासमोर बसून बोलण्याची मुभा आली, आधी सगळ्यांनी मिळून वाचन आणि आत्मपरीक्षण करण्याचा क्रम आला. आजची संध्याकाळ त्याच क्रमाने चालली आहे. तरुण खुर्चीकडे जातात. म्हातारी माणसे पेटी सोडत नाहीत.

पहिल्या माणसापासून पेटी पाचसहा हात लांब आहे. मधली जागा मोकळी ठेवायची, हे स्वयंसेवक काका सांगत फिरतात. गायक मंडळी हलक्या आवाजात गात राहतात, शब्द झाकले जावेत म्हणून. तरी कधी हुंदका येतो. सगळे एकदम वेदीकडे बघू लागतात.

पेटीत जे बोलले जाते ते तिथेच राहते. फादरांनी ते शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणाने बाहेर सांगायचे नाही. स्वतःचा जीव धोक्यात असला तरी नाही. बाहेर पडल्यावर त्या माहितीचा कोणाविरुद्ध उपयोगही करायचा नाही. हे बंधन थेट मोडले तर धर्मगुरू त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो, वेगळा निकाल लागत नाही. माणूस बोलायला धजतो तो या भरवशावर.

मी रांगेच्या कडेने पुढे जातो. कोणी पुस्तिका वाचत आहे. कोणी रुमालाने मान पुसत आहे. एका बाईने पिशवीतून बाटली काढून मागच्या अनोळखी बाईला पाणी दिले. दोन मुलगे हसत होते, पेटी जवळ आली तसे गप्प झाले. रांग एक पाऊल सरकते. सगळ्या चपला एकदम घासतात.

मधोमध एक तरुण आहे, हातात हेल्मेट. तो स्वयंसेवक काकांना खुणेने बोलावतो.

"काका, बरीच वर्षं झालीत. कुठून सुरू करायचं?"

"एवढंच सांगा, बरीच वर्षं झालीत म्हणून. पुढचं फादर विचारतील."

"प्रार्थना आठवत नाही."

"समोर कागद लावलाय. नाहीच जमलं तर तुमच्या शब्दांत म्हणा."

तरुण मान हलवतो. पुढे दोनच माणसे उरतात आणि तो रांगेतून बाहेर पडतो. सरळ दाराबाहेर. नळावर तोंड धुतो. गाडीपाशी जाऊन उभा राहतो, किल्ली काढतो, खिशात ठेवतो. आत त्याच्या मागची म्हातारी हातातली कापडी पिशवी त्याच्या जागी जमिनीवर ठेवते. मागून कोणी पुढे यायला बघते तेव्हा ती म्हणते, "माणूस आहे इथं." तिचा नंबर येतो. ती जात नाही. मागच्याला पुढे जाऊ देते, मग त्याच्या मागच्यालाही. पिशवी तिथेच. पंधरा मिनिटांनी तरुण दारात दिसतो. म्हातारी पिशवी उचलते. तो तिच्यापुढे उभा राहतो. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तो आत जातो तो बराच वेळ येत नाही. कोणी घड्याळ बघत नाही.

नवऱ्याची पाळी कोनाड्यातल्या खुर्चीपाशी आहे. फादरांच्या गळ्यात जांभळी पट्टी. इथून फक्त दिसते, ऐकू काही येत नाही. तो बसतो, क्रुसाची खूण करतो. शेवटचे पापनिवेदन कधी केले ते आधी सांगायचे असते. मग पापे. तो हातवारे करून बोलू लागतो, हात बाहेरच्या दिशेने जातात, भिवंडीकडे, गोदामाकडे असतील. मग हात मांडीवर येतात आणि तिथेच राहतात. फादर थोडे पुढे वाकून काही विचारतात. तो उत्तर देतो. एक शब्द, फार तर दोन. फादर बराच वेळ हळू बोलतात. तो मान हलवतो. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना त्याचे ओठ हलतात. फादर उजवा हात त्याच्या डोक्याच्या दिशेने धरतात आणि पापक्षमेचे शब्द उच्चारतात. बसल्यापासून उठेपर्यंत सात मिनिटे असतील. रांगेत तो सव्वा तास होता, आणि गाडीत त्याआधी.

सात संस्कारांतला हा बहुधा सर्वांत कमी दिसणारा. बाप्तिस्म्याला पाणी आहे, लग्नाला वरात आहे. इथे फक्त बोलणे. चर्चची श्रद्धा अशी की पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर फुंकर घालून पापक्षमेचा अधिकार दिला, योहानाच्या शुभवर्तमानात 20व्या अध्यायात ते आहे, आणि तोच अधिकार धर्मगुरू वापरतो. क्षमा देवाची, फादर फक्त तिचा हात. ज्यांची श्रद्धा वेगळी, त्यांनाही या रांगेतून एक गोष्ट दिसावी. रोजच्या जगण्यात आपण आपल्या वागण्याची कथा सांगतो तेव्हा तिच्यात खूप माणसे असतात. मालक, भाऊ, जाऊ, परिस्थिती. इथे सव्वा तास उभे राहून माणूस ती एकेक करून खाली उतरवतो. शेवटी वाक्यात तो एकटा उरतो. ते वाक्य तोंडातून काढणे फार कठीण आहे आणि ते काढल्यावाचून काही दुरुस्त होत नाही, असे मला या रांगेजवळ उभे राहून नेहमी वाटते.

पुढच्या बाकांवर प्रायश्चित्त चालू आहे. कोणाला काही प्रार्थना, कोणाला एक स्तोत्र, कोणाला एखादे काम. भिवंडीची मुलगी गुडघे टेकून मोठ्या वेगाने प्रार्थना म्हणते, उठते, पत्रकाच्या चार चिंध्या करून कचऱ्याच्या डब्यात टाकते. ठिपके कोणाला दिसणार नाहीत. तिची आई अजून गुडघ्यांवर आहे. डोके हातांत. झोप लागली आहे की प्रार्थना चालू आहे, सांगता येत नाही. कोणी तिला हलवत नाही.

प्रार्थनेने सगळे भागत नाही, हे टीचर मुलांना सांगत होत्या तेव्हा मोठेही ऐकत होते. चोरलेले परत करायचे. बदनामी केली तर नाव पुन्हा स्वच्छ करायला धडपडायचे. क्षमा मिळाली म्हणून देणे फिटत नाही.

नवरा बाहेर येऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा आहे. आत काय झाले ते तो सांगत नाही आणि विचारायचे नसते. फोन कानाला आहे. पलीकडे गोदामातला कोणी असावा.

"त्याचा नंबर आहे का कोणाकडे? नाही, त्याच्या मेव्हण्याचा चालेल. ...सोमवारी नको. आज बघ."

उकाडा आता कमी झाला आहे. समुद्राकडून वारा सुटला आहे आणि आवारातल्या झावळ्यांचा ढीग सळसळतो. उद्याच्या मिरवणुकीसाठी दुपारीच तोडून आणलेल्या. पोरे त्यावर पाणी मारत आहेत. एक मुलगा झावळीची पाती वेणीसारखी गुंफून क्रूस करतो, तो बिघडतो, पुन्हा सोडवतो. आत तीन रांगा संपल्या, दोन चालू आहेत. पिंपळाखालच्या फादरांना कोणीतरी चहा आणून दिला आहे. कप खुर्चीच्या पायाशी आहे, वर साय धरली आहे. माणसे येतच आहेत. कामावरून सुटून थेट आलेले, अंगावर कंपनीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र. एका भाजीवालीने टोपली दाराशी ठेवली आहे.

दाराजवळच्या टेबलाशी स्वयंसेवक वही उघडून बसले आहेत. गावात जे उठून येऊ शकत नाहीत त्यांची यादी चालली आहे. सोमवारपासून फादर घरोघर जातील, पापनिवेदन ऐकतील, परमप्रसाद देतील. बत्तीस घरे. कोणत्या वाडीत गाडी आत जाते, कोणाकडे कुत्रा बांधावा लागेल, कोण कधी जागे असते, सगळे लिहून घ्यायचे. एका घरी पक्षाघात झालेले आजोबा आहेत, बोलता येत नाही. काका म्हणतात, मानेने खूण केली तरी पुरते, फादर विचारतील, ते होय-नाही करतील. नर्स बाई आता वहीपाशी येऊन उभ्या आहेत. पक्षाघाताच्या माणसाला दुपारनंतर थकवा येतो, त्यांना सकाळी घ्या, असे त्या सांगतात. काका खोडून वेळ बदलतात.

"आणि ही शेवटच्या घरची आजी," एक पोरगा म्हणतो. "ती दहा वेळा विसरते. सुरुवात करते आणि मध्येच गावच्या गोष्टी सांगत बसते. तिथं अर्धा तास धरायला लागेल."

"तास धर," काका लिहितात. "फादर थांबतील."